गोजराबाईचा हरभरा आणि पुंजाजीची मूठ

रिठदच्या गोजराबाईच्या घरी हिवाळ्यात कुठलीच वस्तू वाया जात नसे. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या चुलीला, तूर झोडपून झाली की तुराट्या कुडाला, तुरीचं कुटार बैलाला, आणि बैलानं नाक मुरडून सोडलेलं कुटार अंथरुणाखाली. त्यावर गोधडी टाकली की झाली गादी. तिचा नवरा नानाजी, भारी गरीब स्वभावाचा माणूस. झोपेत पाठीला काही टोचत नाही का, असं कोणी विचारलं तर तो म्हणायचा, टोचते ना, पण गरम टोचते.

थंडीनं टाचा उलल्या की गोजराबाई बिब्बा तापवून त्याचं तेल भेगेत सोडायची, तेही सुईच्या टोकानं. जास्त लागलं तर टाच उतते म्हणून नव्हे, बिब्बा लवकर संपतो म्हणून. बोरं वाळवून डब्यात, बोरांच्या बिया फोडून आतला गर तोंडात, आणि बियांची टरफलं शेकोटीत. अकराव्या वर्षी अनसिंगहून लग्न होऊन आली तेव्हा सासू म्हणाली होती, पोरगी काडीएवढी आहे. वर्षभरानं तीच सासू म्हणू लागली, काडीएवढी आहे, पण घर पेटवायची नाही, चूल पेटवायची काडी आहे.

आणि आंब. दिवस उगवायच्या आधी, बोटं वाकत नाहीत अशा गारठ्यात ती वावरात जायची. नानाजीच्या जुन्या धोतराचं धुवट फडकं हरभऱ्याच्या शेंड्यांवरून हलक्या हातानं ओढत न्यायची. दव आणि दवाबरोबर झाडाचा आंबटपणा कापडात उतरायचा. तो पिळून बाटलीत भरला की झाली आंब. वर्षभर पोटदुखीला चमचाभर पुरे. गावातलं निम्मं अजीर्ण गोजराबाईच्या बाटलीवर बरं होत असे.

"दवबी सोडत नाही ही बाई," असं तिचा भासरा पुंजाजी म्हणत असे. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आणि सगळी गंमत इथूनच सुरू होते.

नानाजीच्या वाटणीला आलं होतं तीन एकर वावर आणि मोऱ्या नावाचा एक बैल. दुसऱ्या बैलाची गरज पडली की शेजाऱ्याशी सावड करायची. पुंजाजीकडे दहा एकर, दोन जोड्या, जमिनीखाली धान्यानं भरलेलं पेव. माणूस वाईट नव्हता. अंगानं धिप्पाड, बोलायला गोड, फक्त खाण्याच्या बाबतीत त्याला आपलं आणि भावाचं असा भेद कधी कळला नाही. त्या वर्षी, महायुद्ध सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट, त्यानं दहा एकरात हरभऱ्याचा एक दाणा पेरला नाही. विचारलं तर म्हणाला, नानाजीनं पेरला आहे की, घर एकच आहे.

नानाजीनं पेरला होता अर्धा एकर. आणि तो अर्धा एकर कोणासाठी होता ते गोजराबाईला पक्कं ठाऊक होतं.

तिच्या लेकीचं, विजयमालाचं लग्न चैत्रात ठरलं होतं. हे नाव बापानं कीर्तनात ऐकून ठेवलेलं. घरात तिला विजीच म्हणत. व्याही जगदेव अनसिंगकडचा, खाण्याचा मोठा शौकीन. बैठकीत त्यानं एकच मागणं मागितलं. देणंघेणं काही नको, पण माझ्या वऱ्हाडाला पुरणाचं जेवण पाहिजे, आणि वाढताना हात आखडता नको. चार पंचांसमोर नानाजी हो म्हणून बसला. घरी आल्यावर गोजराबाईनं बोटांवर हिशेब केला: पुरणाला सोळा पायल्या, पुढच्या वर्षीच्या बियाण्याला चार. अर्धा एकर साधला तर वीस पायल्या होतात. बरोबर वीस. चिमणीनं दाणा उचलला तरी व्याह्याच्या शेवटच्या पंगतीत पुरण कमी पडणार आणि विजीला जन्मभर ऐकावं लागणार.

चिमण्यांसाठी तिनं बुजगावणं उभं केलं. ढोरांसाठी बांधाला काटेरी करडईच्या चार ओळी पेरल्या. पण भासऱ्याला करडई टोचत नव्हती.

आपल्याकडे रीत अशी की वाटेनं जाणाऱ्यानं वावरातून मूठभर हरभरा उपटून खाल्ला तर त्याला चोरी म्हणत नाहीत. तिथंच बांधावर बसून खावं, पदरात बांधून नेऊ नये, एवढीच अट. नानाजीचं वावर रिसोडच्या गाडीवाटेला लागून. त्यामुळे रीत पुंजाजीच्या अगदी सोयीची. सकाळी आपल्या वावराकडे जाताना मूठभर, येताना मूठभर. घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, भरू लागले तसा तो बांधावर पऱ्हाट्या पेटवून हुळा भाजू लागला. राखेतून काढलेले काळे घाटे हातावर चोळायचे, फुंकर मारायची, तोंडात टाकायचे. मार्गशीर्ष संपता संपता हरभऱ्याला बाजेएवढं टक्कल पडलं. पौषात ते अंगणाएवढं झालं.

आता तुम्ही म्हणाल, बाईनं तोंडावर सांगायचं. कसं सांगणार? भासऱ्याशी बोलायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, समोर आला की पदर पुढे ओढून बाजूला व्हायचं. बावीस वर्षं गोजराबाईनं हे पाळलं होतं. नानाजीला सांगून पाहिलं. नानाजी गेला, भावाजवळ बसला, भावानं दिलेला हुळा खाऊन तोंड काळं करून परत आला.

मग गोजराबाईनं बैलाशी बोलायला सुरुवात केली.

मोऱ्या बांधावरच्या बाभळीला बांधलेला असे. पुंजाजी शेकोटीशी बसला होता. गोजराबाईनं पदर ओढला, बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याच्या कानाशी, पण शेकोटीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय रे मोऱ्या, मूठभर म्हंजे किती असते रे? मानसाच्या मुठीत मावते तेवढं, का तुह्या गव्हाणीत टाकतो तेवढा भारा?"

पुंजाजीनं घाटा सोलता सोलता बैलाकडे पाहिलं. "मोऱ्या, तिले सांग, मूठ ज्याची त्याची राह्यते. माही मूठ मोठी हाय, देवानं देल्ली. आन् हरभरा खुडला म्हंजे जास्त फुटते. जुन्या मानसाले इचार."

"शेंडा खुडला त फुटते रे मोऱ्या. मुळासकट उपटलेला कुठून फुटते, थे इचार."

"भावाच्या वावरात भाऊ बसला त कोनाच्या पोटात काहून दुखून राह्यलं, थेबी इचार मंग."

मोऱ्यानं दोघांचं ऐकून घेतलं आणि रवंथ चालू ठेवला. पण गोजराबाईनं शेवटचा शब्द मनात धरून ठेवला. पोटात दुखण्याचा.

चारच दिवसांत पुंजाजीचंच पोट दुखलं. हिरवा हरभरा, त्यात रिसोडहून आलेले दोन पाहुणे, त्यांना अगत्यानं खाऊ घालताना स्वतः दुप्पट खाल्लेला. पोट नगाऱ्यासारखं झालं. त्यानं आंब मागायला माणूस पाठवला. म्हणजे पाहा, ज्या हरभऱ्यानं पोट दुखलं त्याच हरभऱ्याचं औषध, आणि तेही त्याच बाईकडून.

गोजराबाईच्या मनात एकदा आलं की त्यात थोडं एरंडेल घालावं. पण एरंडेलही वाया जाणार. तिनं आंब चांगली दिली, विजीच्या हातानं पाठवली, आणि बरोबर पथ्य पाठवलं. आंब घेतल्यावर पंधरा दिवस हिरवा घाटा तोंडात घालायचा नाही, नाहीतर दुखणं उलटतं. असं पथ्य आजवर कोणी ऐकलेलं नव्हतं. विजीनं गंभीर तोंडानं मोठे बाबांना, म्हणजे पुंजाजीला, ते सांगितलं. मोठे बाबांनी आणखी गंभीर तोंडानं ऐकलं आणि दीड दिवस पाळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते बांधावर हजर. हिरवा घाटा नको ना, मग भाजून काळा केला की झालं, असा त्यांनी पथ्यातून रस्ता काढला.

गोजराबाई त्या दिवशी टकलाच्या काठावर बराच वेळ बसून राहिली. घाटे अजून भरायचे होते, काढणीला महिना होता, आणि टक्कल रोज वीतभर वाढत होतं. रडावं असं तिला एकदा वाटलं. पण मग तिच्या डोक्यात एक गोष्ट आली आणि ती उठून थेट विहिरीवर गेली.

विहिरीवर तुळसाबाई होती. तुळसाबाई म्हणजे गावाची बिनपगारी दवंडी. तिच्या कानात सकाळी घातलेली गोष्ट दुपारच्या भाकरीच्या आत वेशीबाहेर जात असे, आणि वाटेत वजनानं वाढत असे. गोजराबाईनं घागर भरता भरता सहज विषय काढला. खोटं ती एक अक्षर बोलली नाही, हे लक्षात ठेवा. ती म्हणाली, आमच्या भासऱ्याइतकी त्या हरभऱ्याची काळजी खुद्द घरधन्याला नाही. रोज सकाळी येतात, संध्याकाळी येतात, घाटा सोलून दाणा भरला का ते पाहतात. पुतणीचं लग्न आहे ना. मन मोठं लागतं बाई. आणि मग आवाज बारीक करून, "पन तुळसाबाई, कोनाले सांगजो नोको. त्याईले आवडत नाही."

यापुढचं सगळं तुळसाबाईनं केलं. दुपारी गावात झालं, पुंजाजी पुतणीच्या पुरणाला हातभार लावणार. दिवे लागताना झालं, पुरण सगळं पुंजाजीकडे. दुसऱ्या सकाळी चावडीवर म्हातारे म्हणू लागले, भाऊ असावा तर असा, आजकाल वाटण्या झाल्या की लोक ओळख देत नाहीत. पुंजाजी चावडीसमोरून गेला तर एकानं उठून त्याला बसायला घोंगडं दिलं. आपल्याला हा मान कशाचा हे त्याला कळेना, पण मान बसायला मऊ असतो, तो बसला. कळलं तेव्हा उशीर झाला होता.

बाजाराच्या दिवशी तर कहरच झाला. रिसोडच्या बाजारात व्याही जगदेव भेटला आणि भर गर्दीत त्यानं पुंजाजीला मिठी मारली. पान दिलं. चार सोयऱ्यांना हाक मारून दाखवलं, हे पाहा पोरीचे मोठे बाबा, आपल्या वऱ्हाडाचं पुरण यांच्याकडून. पुंजाजी नाही म्हणायला तोंड उघडत होता, पण तोंडात पान होतं. आणि तेवढ्यात जगदेवनं विचारलं की पोळीवरचं तूपही आपल्याकडूनच का? पान एका गालात सारून पुंजाजी म्हणाला, हो, तूपबी. कसं म्हणाला ते त्याचं त्याला मरेपर्यंत समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वावरात आला तो हातात काठी घेऊन. गोजराबाई करडईच्या ओळीत भाजी खुडत होती. त्यानं सवयीनं एक झाड उपटलं, एक घाटा सोलला, आणि मोऱ्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मोऱ्या, या गावात माह्या तोंडानं कोन बोलून राह्यलं, थे मले सांग. पुरन माह्याकडं हाय, असं मीनं कवा म्हनलं?"

गोजराबाईनं पदर ओढला. "लोकं म्हनतात रे मोऱ्या. लोकायच्या तोंडाले कोन हात लावते? खोटं असन त चावडीवर जाऊन सांगाव, का मीनं असं म्हनलं नाही, पुतनीचं पुतनीनं पाहावं."

पुंजाजीनं काठी खाली टेकवली. चावडीवरचं घोंगडं त्याच्या डोळ्यांसमोर आलं असावं.

"माह्या दहा एकरात हरभऱ्याचं एक झाड नाही," तो म्हणाला. आवाज खाली आला होता. "थे त्या बाईले ठाऊक नाही काय?"

"हरभरा त पुढं उभाच हाय रे मोऱ्या. ज्याचं नाव त्याचं पुरन. आमाले नाव नोको. फक्त राखनारं मानूस पाह्यजे."

पुंजाजीनं हरभऱ्याकडे पाहिलं. टकलाकडे पाहिलं. मग हातातल्या सोललेल्या घाट्याकडे पाहिलं. झाड परत रोवता येत नव्हतं आणि दाणा परत घाट्यात बसत नव्हता. शेवटी त्यानं ते झाड मोऱ्यापुढे टाकलं आणि धोतराला हात पुसले.

त्या दिवसापासून रिठदच्या शिवारात असा राखणदार कोणी पाहिला नाही. गोफण घेऊन तो उजाडताच हजर. पोपटांचे थवे लांबूनच वळून जाऊ लागले. वाटसरू मूठभर घ्यायला वाकला की पुंजाजी म्हणायचा, मूठ उघडून दाखव. जास्त निघालं तर मोजून परत ठेवायला लावायचा. त्याचेच रिसोडचे पाहुणे हुळा खायला आले, त्यांना त्यानं बांधावर बसवून प्यायला पाणी दिलं आणि तब्येतीची चौकशी करून वाटेला लावलं. त्याला विचारलं तर म्हणे, अपचनाचे दिवस आहेत.

नानाजीनं एकदा आपल्याच वावरातला एक घाटा तोडला तर थोरल्या भावानं त्याला पाच माणसांत सुनावलं. नानाजी घरी येऊन म्हणाला, "पयले दादा खात होता, आता दादा राखून राह्यला. आपन कवा खावं वं?"

गोजराबाई हसली खरी, पण तिचीही पाळी आलीच. वांग्यात घालायला ओंजळभर सोले, म्हणजे ओले हिरवे दाणे, हवे होते. हिवाळ्यात सोले-वांग्याची भाजी नाही म्हणजे हिवाळा कसला. ती टोपली घेऊन वाकली तोच मागून आवाज आला, "मोऱ्या, तिले सांग, पुरन म्हंजे पुरन. भाजीसाठी बांधावर करडी हाय." महिनाभर त्या घरात करडईची भाजी झाली. आणि पुढे तर त्यानं आंबही बंद केली. दव काढलं की दाणा बारीक राहतो, असं त्याचं म्हणणं. तिच्या पथ्याला जेवढा आधार होता तेवढाच याला होता, म्हणून तिला काही बोलता येईना. बावीस हिवाळ्यांत पहिल्यांदा गोजराबाईच्या डोळ्यांदेखत दव उन्हात उडून जाऊ लागलं आणि ती पहाटे उगाच जागी होऊन चरफडत पडू लागली.

माघ सरता सरता हरभरा काढला. खळ्यात मोऱ्यानं आणि शेजाऱ्याच्या बैलानं तो तुडवला, वाऱ्यावर उपणला. माप पुंजाजीनंच घेतलं हातात. पायली भरायची, हातानं सपाट करायची, आणि मोठ्यानं आकडा म्हणायचा. सतरावर रास संपली.

त्यानं पुन्हा मोजली. या खेपेला पायली जरा हलक्या हातानं भरली. तरी सतराच.

तीन पायल्या कमी. त्या कुठे गेल्या ते खळ्यातल्या तिघांनाही माहीत होतं. कोणी काही बोललं नाही, बैलाशीसुद्धा नाही. पुंजाजीनं पायली उपडी ठेवली आणि खाली मान घालून निघून गेला.

दोन दिवस तो दिसलाच नाही. गोजराबाईनं बियाण्याच्या चार पायल्या मडक्यात भरल्या, राख घातली, तोंड शेणानं लिंपलं, आणि मग त्या मडक्यासमोर बसून राहिली. बियाणं फोडलं तर पंगत निभते. पण बियाणं पुरणात घालायचं म्हणजे पुढचं वावर आत्ताच शिजवून खायचं. नानाजी म्हणाला, फोडू. ती म्हणाली, थांबा. कशासाठी थांबायचं ते तिला सांगता येत नव्हतं. भासऱ्याला आपण मोठं केलं की लहान, एवढंच तिच्या मनात घोळत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात गाडी थांबली. पुंजाजीनं गाडीतून एक पोतं उतरवलं, ओट्यावर ठेवलं आणि दाराच्या चौकटीला उद्देशून म्हणाला, "पेवात तळाशी सापडला. जुना हाय. पडून होता."

दहा एकराच्या पेवात फक्त जवारी होती हे सगळ्या गावाला माहीत होतं. गाडीवान पुढे तुळसाबाईला सांगून मोकळा झाला की मालकानं रिसोडला पोतंभर जवारी घालून बदल्यात हरभरा आणला. गोजराबाईनं पोत्यात हात घातला, एक दाणा दाताखाली धरला. नवा, करकरीत, या हंगामाचा. तिनं पदराआड दाणा गिळला आणि विजीला म्हणाली, मोठे बाबांना गुळाचा चहा दे, जुना हरभरा उचलून दमले असतील.

चैत्रात लग्न लागलं. चार दिवस जातं थांबलं नाही. डाळ शिजली, गूळ पडला, बायकांनी पाट्यावर पुरण वाटून वाटून हात सुजवले. व्याही जगदेवनं सात पोळ्या खाल्ल्या आणि आठवीला नाही म्हणताना त्याचे डोळे भरून आले. पुंजाजी तुपाचं भांडं घेऊन पंगतीतून फिरत होता. प्रत्येक पानापाशी थांबून सांगत होता की हा हरभरा राखायला किती कष्ट पडले, पोपट किती, वाटसरू किती, लोक किती हावरे असतात. नानाजी ऐकत होता आणि मान डोलवत होता. पुरण कुठंही कमी पडलं नाही.

शेवटच्या पंगतीला घरच्या बायका बसल्या. गोजराबाई दिवसभराची उभी होती, ती आत्ता कुठे पानावर टेकली. चौथ्या पोळीचा घास तोंडात असताना समोर दोन मोठे पाय येऊन थांबले. पुंजाजी दिवसभराच्या कौतुकानं इतका फुगला होता की समोर कोण बसलंय हेच तो विसरला.

"लाजू नोका, पोटभर जेवा," तो सरळ तिच्याकडे पाहून म्हणाला. "माह्या वावरातला हरभरा हाय."

पंगतीतल्या सगळ्या माना वर झाल्या. भासरा धाकट्या भावाच्या बायकोशी बोलला होता, तोंडावर, सगळ्यांसमोर. तुळसाबाईचा हात पोळीवरच थांबला. पुंजाजीच्या ध्यानात आलं तसा तो कानापर्यंत तांबडा झाला, आणि गडबडीत त्याच्या हातातलं भांडं गोजराबाईच्या पानात अख्खं कलंडलं.

गोजराबाईनं पदर आणखी पुढे ओढला, पानातल्या तुपाकडे पाहिलं, आणि विजीला पाचवी पोळी आणायला सांगितलं.